परसातील गावरान कोंबड्या : विदर्भातील घरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वर्धा जिल्ह्यातील कापूस, तूर आणि सोयाबीन पिकवणाऱ्या एका गावात आमचे घर आहे आणि घरामागे, कडुनिंबाखाली, सासूबाईंच्या काळापासून कोंबड्यांचे खुराडे आहे. गेली २२ वर्षे ते माझ्या हाती आहे. बचत गटातील बाया, नव्याने संसार मांडलेल्या सुना आणि शहरातून गावाकडे परतलेली मुले जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र लिहिली आहेत. ही उत्तरे दहा ते पन्नास पक्षी मोकळे सोडून पाळणाऱ्या घरांसाठी आहेत. ब्रॉयलरच्या शेडचा हिशेब वेगळा असतो. परसातल्या कोंबडीचे उत्पन्न ती किती अंडी घालते यापेक्षा तिची किती पिल्ले मोठी होतात यावर ठरते, हे मला इतक्या वर्षांत पुरते पटले आहे. त्यामुळे अंडी वाढवण्याच्या उपायांपेक्षा पक्षी जगवण्याच्या उपायांना मी येथे अधिक जागा दिली आहे.

सुरुवात किती पक्ष्यांनी आणि कोणत्या महिन्यात करावी?

पाच ते आठ तलंगा, म्हणजे अंड्यावर येऊ घातलेल्या तरुण कोंबड्या, आणि एक कोंबडा एवढे पहिल्या वर्षाला पुरेसे आहेत. उकिरडा, कोठ्याभोवतीची जागा, सांडलेले दाणे, किडे-मुंग्या आणि हिरवा पाला यांवर एका घराच्या परसात मोजकेच पक्षी पोसले जातात. त्याहून अधिक आणले की प्रत्येक दाणा विकत घ्यावा लागतो आणि शेजाऱ्यांच्या भाजीच्या वाफ्यांवरून भांडणे सुरू होतात. पावसाळा संपल्यावर, दसरा-दिवाळीच्या सुमारास पक्षी आणावेत. तेव्हा ओल कमी झालेली असते, मळणीमुळे दाणे मिळतात आणि उन्हाळा येईपर्यंत पक्षी अंगाने भरलेले असतात. मार्च-एप्रिलमध्ये लहान पिल्ले आणून सुरुवात करणारी घरे मी पाहिली आहेत आणि त्यांतील बहुतेकांचे खुराडे मृगापर्यंत रिकामे झालेले पाहिले आहे.

गावरान कोंबडी बरी की गिरिराज, वनराज, कडकनाथ यांसारख्या जाती?

गावरान कोंबडी वर्षाला साधारण ६० ते ८० अंडी घालते आणि अंड्याचे वजन ४० ग्रॅमच्या आसपास असते. आकडा लहान आहे, पण ती स्वतः अंडी उबवते, पिल्ले सांभाळते, घार दिसताच आवाज देते आणि झाडावर उडून जाते. बंगळूरची गिरिराज किंवा हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने तयार केलेल्या वनराज आणि ग्रामप्रिया या जाती अधिक अंडी किंवा अधिक मांस देतात. त्यांतील ग्रामप्रिया अंड्यांसाठी आणि वनराज मांस व अंडी अशा दोन्हींसाठी आहे. मात्र त्या सहसा खुडूक, म्हणजे अंडी उबवायला, बसत नाहीत आणि अंगाने जड पक्ष्याला कुत्र्या-मुंगसापासून पळणे जमत नाही.

आमच्या घरी दोन्हींचा मेळ घातला आहे. सुधारित जातीची फलित अंडी विश्वासाच्या ठिकाणाहून आणून ती गावरान खुडूक कोंबडीखाली ठेवतो. पिल्ले तिच्यामागे हिंडत वाढतात आणि चरण्याची व लपण्याची सवय तिच्याकडून शिकतात.

कडकनाथ हा मध्य प्रदेशातील झाबुआचा पक्षी असून त्याच्या मांसाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पक्षी काटक आहे, परंतु अंडी कमी घालतो आणि उबवण्यातही मागे आहे. जवळ गिऱ्हाईक असेल तरच तो घ्यावा. महागडी पिल्ले देऊन मोठे पक्षी परत विकत घेण्याची हमी कोणी देत असेल, तर त्या हमीवर कर्ज काढू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.

खुराडे कसे आणि केवढे असावे?

मोकळ्या चरणाऱ्या पक्ष्याला रात्रीपुरती एक चौरस फूट जागा पुरते, म्हणजे दहा-बारा पक्ष्यांना तीन फूट बाय चार फुटांचे खुराडे चालते. ते जमिनीपासून दीड-दोन फूट उंच खांबांवर असावे, तोंड पूर्वेला असावे आणि आत बसायला गोल दांड्या असाव्यात, कारण कोंबडीला पंजाने दांडी धरून झोपण्याची सवय असते. तळाला बांबूच्या पट्ट्या ठेवल्या की विष्ठा खाली पडते आणि तेच खत वांग्या-मिरचीच्या वाफ्यांना मिळते. छप्पर कवेलूचे असेल तर उत्तम. टिनाचे असेल तर त्यावर पऱ्हाट्यांचा (कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा) किंवा तणसाचा जाड थर द्यावा.

खर्च करायचाच असेल तर तो जाळीवर करावा. अर्ध्या इंचाहून मोठे भोक राहिले की साप येतो, आणि मुंगूस आपल्याला अशक्य वाटेल अशा फटीतून आत शिरून एका रात्रीत सगळे पक्षी मारून टाकते. दाराला कडी असावी आणि दिवेलागणीला पक्षी मोजूनच ती लावावी. ताडोबा, मेळघाट किंवा नवेगाव-नागझिऱ्याच्या आसपासच्या गावांत कोंबड्या-कुत्र्यांच्या मागावर बिबट अंगणापर्यंत येतो. तेथे खुराडे घराच्या भिंतीला लागून आणि उजेडात असणे माणसांसाठीही आवश्यक आहे.

खुडूक कोंबडी अंड्यांवर कशी बसवावी?

या एका कामात घाई केली की तीन आठवडे वाया जातात, म्हणून हे उत्तर सविस्तर देते.

कोंबडी खरोखर खुडूक झाली आहे का ते आधी पाहावे. ती दिवसभर खोप्यात बसून राहते, हात नेला की पिसे फुलवून गुरगुरते आणि पोटाखालची पिसे गळून तेथील कातडी उघडी व गरम लागते. तिला दोन दिवस जुन्या किंवा खोट्या अंड्यांवर बसू द्यावे आणि ती टिकून बसली तरच चांगली अंडी रात्रीच्या अंधारात तिच्याखाली सरकवावीत. गावरान कोंबडीच्या अंगाखाली १० ते १२ अंडी मावतात. लोभापायी १८-२० ठेवली तर कडेची अंडी थंड पडतात, फिरवाफिरवीत आतली बाहेर येतात आणि शेवटी सगळीच अर्धवट राहतात.

उबवायची अंडी मध्यम आकाराची, स्वच्छ आणि बिनतड्याची असावीत. ती धुऊ नयेत, कारण कवचावरचे नैसर्गिक आवरण धुतले की सूक्ष्म छिद्रांतून जंतू आत जातात. हिवाळ्यात सात दिवसांपर्यंतची आणि उष्ण दिवसांत चार-पाच दिवसांपर्यंतचीच अंडी घ्यावीत. साठवताना निमुळते टोक खाली ठेवून गव्हाच्या किंवा जवारीच्या डब्यात, घरातील थंड कोपऱ्यात ठेवावीत. फ्रीजमधली अंडी उबवायला वापरू नयेत. खोपा म्हणून पसरट टोपली घ्यावी, तळाला राख आणि त्यावर मऊ तणस किंवा कुटार घालावे. राखेमुळे उवा-पिसवा कमी होतात. त्या झाल्या तर कोंबडी कंटाळून अंडी सोडून उठते.

सातव्या रात्री अंधाऱ्या खोलीत प्रत्येक अंड्याखाली मोबाइलची बॅटरी धरावी. आत लाल शिरांचे जाळे दिसले तर गर्भ आहे, आरपार स्वच्छ दिसले तर अंडे कोरे आहे. कोरी अंडी काढून टाकली की उरलेल्यांना ऊब नीट मिळते. दिवसातून एकदा कोंबडी १५ ते २० मिनिटे उठते. तेवढ्यात तिला दाणा-पाणी जवळच मिळावे. एकविसाव्या दिवशी पिल्ले निघतात. उशीर होत असलेल्या अंड्याचे कवच घाईने सोलू नये. ओढलेल्या पिल्लाच्या बेंबीतून रक्त जाते आणि ते सहसा वाचत नाही.

वीज कडाडली की अंडी नासतात का? खोप्यात लोखंड किंवा कोळसा ठेवावा का?

सासूबाई खोप्यात कोळसा ठेवत असत आणि त्यांच्या आठवणीने मीही ठेवते, त्याने नुकसान काही नाही. परंतु वादळी दिवसांत अंडी नासण्याची खरी कारणे म्हणजे घाबरून उठलेली कोंबडी, भिजलेला खोपा आणि अचानक उतरलेले तापमान ही आहेत. टोपली घरात, गोंगाटापासून दूर आणि कोरडी ठेवली तर विजेची चिंता करण्याचे कारण उरत नाही.

विकत आणलेल्या, आई नसलेल्या पिल्लांना ऊब कशी द्यावी?

पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर सुमारे ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते आणि दर आठवड्याला ती साधारण तीन अंशांनी कमी करत न्यायची असते. पत्र्याचा किंवा पुठ्ठ्याचा गोल घेर करून त्यात भाताचा तूस दोन इंच पसरावा, पहिले दोन-तीन दिवस त्यावर वर्तमानपत्र अंथरावे आणि ४०-५० पिल्लांसाठी ६० ते १०० वॉटचा, तापणारा जुन्या पद्धतीचा बल्ब टांगावा. एलईडी दिव्याने उजेड पडतो, ऊब मिळत नाही. कोपरे ठेवू नयेत, कारण थंडीत पिल्ले कोपऱ्यात एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरतात.

थर्मामीटर नसला तरी पिल्ले स्वतः सांगतात. दिव्याखाली गोळा होऊन चिवचिवाट करत असतील तर थंडी वाजते आहे, दूर जाऊन चोच उघडून बसली असतील तर गरम होत आहे आणि सर्वत्र पसरून खात-झोपत असतील तर ऊब बरोबर आहे. डिसेंबर-जानेवारीत विदर्भात रात्रीचा पारा दहाच्याही खाली जातो आणि नेमकी तेव्हाच वीज जाते. त्यासाठी मातीच्या मडक्यात निखारे घालून वर राख पसरून ठेवता येते, मात्र खोली कधीही पूर्ण बंद करू नये. कोळशाच्या धुरातील विषारी वायूने पिल्लेच नव्हे, त्याच खोलीत झोपलेली माणसेही दगावू शकतात.

आणल्या आणल्या आधी गुळाचे कोमट पाणी पाजावे आणि तास-दोन तासांनी मक्याचा भरडा किंवा बारीक कनकी द्यावी. पाण्याचे भांडे उथळ असावे व त्यात स्वच्छ गोटे ठेवावेत; वाटीभर पाण्यात बुडून मेलेली पिल्ले मी उचलली आहेत.

बारा पिल्ले निघाली तरी दोन महिन्यांनी चार-पाचच का उरतात?

परसातील कोंबडीपालनाचे खरे नुकसान येथेच होते. घार, शिक्रा, कावळा, भारद्वाज, मांजर, घूस, मुंगूस, थंडी आणि भूक हे सगळे पहिल्या सहा आठवड्यांत पिल्लांना गाठतात. आईसोबत पहिल्या दिवसापासून मोकळे सोडण्याची आपली पद्धत सोपी आहे, पण महाग पडते.

माझी पद्धत अशी आहे. पहिले तीन-चार आठवडे आई आणि पिल्ले मोठ्या डालग्याखाली किंवा बांबूच्या जाळीदार पिंजऱ्यात, सावलीत ठेवते. बांबूचे असे डालगे बुरड कारागीर आठवडी बाजारात विकतात. सकाळी-संध्याकाळी तासभर माझ्या डोळ्यांसमोर सोडते. पिल्लांना त्यांचा वेगळा खुराक देते आणि तो अशा फटीमागे ठेवते की मोठ्या कोंबड्यांची मान तेथे पोहोचत नाही. सहा आठवड्यांनी पिल्ले वेगळी केली की कोंबडी लवकर पुन्हा अंड्यावर येते, नाहीतर ती दोन-तीन महिने त्यांच्यामागेच हिंडते. एवढे करू लागल्यापासून बारातील आठ-नऊ पिल्ले सहज मोठी होतात. अधिक कोंबड्या न पाळता उत्पन्न जवळजवळ दुप्पट करण्याचा याहून स्वस्त उपाय मला माहीत नाही.

घरच्या घरी खायला काय द्यावे? सोयाबीन आणि सरकी चालते का?

मोठ्या कोंबडीला दिवसाला १०० ते १२० ग्रॅम खाद्य लागते. चरणारी कोंबडी त्यातील बराच भाग स्वतः मिळवते. आपण संध्याकाळी ३० ते ५० ग्रॅम दिले तरी पुरते आणि त्या ओढीने ती वेळेवर घरी येते. जवारी, मक्याचा भरडा, कनकी आणि गव्हाचा कोंडा यांतून पोट भरते, पण अंड्यासाठी आणि पिल्लांच्या वाढीसाठी प्रथिने लागतात. ती वाळवी, गांडुळे, अझोला (पाण्यावर तरंगत वाढणारी वनस्पती), शेवग्याचा पाला आणि सोयाबीनच्या पेंडीतून मिळतात.

कच्चे सोयाबीन मात्र देऊ नये. त्यातील एका घटकामुळे प्रथिने पचत नाहीत आणि पिल्लांची वाढ खुंटते. दाणे खमंग वास येईपर्यंत भाजून, भरडून दिले की तो घटक नष्ट होतो. सरकीची ढेप गाई-म्हशींसाठी घरात असतेच, परंतु तिच्यात गॉसिपॉल असते. अंड्यावरील कोंबडीने ती खाल्ली की काही दिवस ठेवलेल्या अंड्यांचा बलक हिरवट-तपकिरी होतो आणि गिऱ्हाईक ती परत आणून देते. ढेपेचे पोते कोंबड्यांपासून लांब ठेवावे.

पावसात भिजून बुरशी आलेला मका किंवा शेंगदाण्याची पेंड "कोंबड्या खातील" म्हणून टाकू नये. बुरशीचे विष यकृत खराब करते आणि ते भाजूनही पुरते जात नाही.

पेरणी आणि फवारणीच्या दिवसांत कोणती काळजी घ्यावी?

मृगाच्या पेरणीनंतर उरलेले गुलाबी, हिरवे किंवा निळे रंग चढवलेले बियाणे हे औषध लावलेले बियाणे असते. ते अंगणात सांडले तर झाडून पुरावे, कोंबड्यांपुढे कधीही टाकू नये. युरिया व डीएपीचे दाणेही कोंबडी धान्य समजून टिपते. कपाशीवर फवारणी झाली की विष खाऊन खाली पडलेल्या अळ्या सहज सापडतात आणि कोंबड्या त्यांवर तुटून पडतात. वावर घराला लागून असेल तर फवारणीनंतर आठवडाभर पक्षी जाळीतच ठेवावेत. औषधाचे रिकामे डबे धुऊन त्यांत कोंबड्यांना पाणी ठेवण्याची सवय काही घरांत आहे, ती आजच सोडावी. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. माणूस जेथे वाचत नाही तेथे दीड किलोचा पक्षी काय वाचणार.

मानमोडी म्हणजे काय आणि तिच्यावर औषध कोणते?

मानमोडी म्हणजेच राणीखेत. हा विषाणूचा रोग आहे आणि तो झाल्यावर त्यावर औषध नाही. पक्षी सुस्त होतो, चोच उघडून धापा टाकतो, हिरवट-पांढरी पातळ विष्ठा पडते, पंख किंवा पाय लुळे होतात आणि मान एका बाजूला पिळली जाते. लस न दिलेल्या कळपात बहुतेक सगळे पक्षी आठ-दहा दिवसांत मरतात. लसूण, हळद, तंबाखूचे पाणी, दारूचे थेंब असे उपाय मी स्वतः करून पाहिले आहेत आणि एकही पक्षी त्याने वाचलेला नाही.

हा धडा मला माझ्याच चुकीने मिळाला. एका उन्हाळ्यात आठवडी बाजारातून दोन देखणे कोंबडे आणले आणि त्याच संध्याकाळी ते खुराड्यात सोडले. पाचव्या दिवशी त्यांतील एक मान वाकडी करून फिरू लागला, आणि पंधरवड्याच्या आत ३१ पक्ष्यांपैकी चार उरले. शेजारच्या दोन घरांतील पक्षीही गेले आणि त्या घरांना तोंड दाखवणे मला फार जड गेले. तेव्हापासून नवा पक्षी घराच्या दुसऱ्या टोकाला पंधरा दिवस वेगळा राहतो. त्याचे दाणा-पाणी आधी घरच्या पक्ष्यांचे उरकून मग केले जाते आणि हातपाय धुऊनच मी पुन्हा खुराड्याकडे जाते.

लस केव्हा द्यावी? एवढ्या थोड्या पक्ष्यांसाठी लस मिळते का?

पाच ते सात दिवसांच्या पिल्लांना मानमोडीवरील लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत द्यावा आणि चार आठवड्यांच्या सुमारास तो पुन्हा द्यावा. आठ आठवड्यांनंतर आर-टू-बी ही मानमोडीचीच दुसरी लस टोचतात. ती तीव्र असल्यामुळे सहा आठवड्यांच्या आतील पिल्लांना कधीही देऊ नये. देवीची लस सहा ते आठ आठवड्यांत पंखाच्या पातळ कातडीत टोचून देतात. नंतरच्या मात्रांचे वेळापत्रक गावच्या पशुवैद्यकांकडून लिहून घ्यावे. आजारी पक्ष्याला लस देऊ नये आणि लसीच्या आठवडाभर आधी जंताचे औषध पाजावे.

अडचण अशी की लसीची कुपी १०० किंवा त्याहून अधिक मात्रांची असते आणि एकदा मिसळली की ती दोन तासांत संपवावी लागते. एका घरात वीस पक्षी असतात, म्हणून बहुतेक जण लसच टाळतात. आमच्या गटाने यावर सोपा मार्ग काढला : दर तीन महिन्यांनी एक दिवस ठरतो, सगळी आळी वर्गणी काढते, एक जण थर्मासमध्ये बर्फ घालून तालुक्याहून लस आणतो आणि पक्षी खुराड्यातून सुटण्याआधी, पहाटे पाच वाजता, सगळ्या घरांत थेंब टाकले जातात. लस २ ते ८ अंशांत राहिली पाहिजे. पिशवीत, उन्हात आणलेली लस म्हणजे नुसते पाणी. शेजाऱ्याचे पक्षी लसीविना राहिले तर आपलेही धोक्यात राहतात, म्हणून ज्याच्याकडे वर्गणी नसेल त्याच्याही कोंबड्यांना आम्ही थेंब देतो.

उन्हाळ्यात, विशेषतः नवतप्यात (मे अखेरीच्या नऊ तप्त दिवसांत), कोंबड्या का मरतात आणि त्यांना कसे वाचवावे?

कोंबडीला घाम येत नाही आणि तिचे शरीर मुळातच सुमारे ४१ अंशांवर असते. नागपूर, चंद्रपूर, अकोला, वर्धा येथे पारा ४५ अंशांच्या आसपास पोहोचतो तेव्हा हवा तिच्या अंगाहून गरम होते आणि उष्णता बाहेर टाकायला धाप लागण्याशिवाय मार्ग उरत नाही. पाणी संपले की ती दुपारीच कोसळते.

त्यामुळे पहिला उपाय पाणी. एरवी पाव लिटर पिणारी कोंबडी या दिवसांत दुप्पट पिते. मातीची पसरट भांडी सावलीत तीन-चार ठिकाणी ठेवावीत आणि दुपारी एकदा पाणी बदलावे, कारण तापलेले पाणी ती पीत नाही. दाणा सकाळी सातच्या आत आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर द्यावा. भर दुपारी खाल्लेले अन्न पचताना अंगात आणखी उष्णता होते. टिनाला वरून चुना मारावा, पऱ्हाट्या टाकून त्यांवर पाणी शिंपडावे आणि वाऱ्याच्या बाजूला ओले बारदाने टांगावे. बारदाने चहूबाजूंनी लावू नये, वारा कोंडला की ओलीमुळे आत अधिक उकडते. कडुनिंबाखालची जमीन ओली केली की कोंबड्या तेथे खड्डे करून पोट टेकून बसतात, त्यांना तेथून हाकलू नये.

पक्षी पंख पसरून, मान टाकून पडला असेल तर सावलीत नेऊन त्याचे पाय आणि पोट साध्या पाण्यात बुडवावे, चोच बुडवू नये आणि बर्फ लावू नये. शुद्ध आल्यावर मीठ-साखरेचे पाणी थेंब-थेंब पाजावे. दोन वाजता घरातील सगळे कूलरसमोर झोपलेले असतात आणि नेमके तेव्हाच पक्षी मरतात. एप्रिल-मे महिन्यांत त्या वेळी एक फेरी मारण्याची सवय लावून घ्यावी.

पावसाळ्यात पिल्लांना रक्ताची हगवण का लागते?

ओल्या तुसात आणि चिखलात एका सूक्ष्म परजीवीची अंडी वाढतात, ती पिल्लांच्या पोटात जातात आणि आतड्याला जखमा होतात. तीन ते आठ आठवड्यांची पिल्ले यात अधिक मरतात. तूस रोज खालीवर करावा, ओला झालेला काढून टाकावा आणि थोडी चुन्याची भुकटी मिसळावी. विष्ठेत रक्त दिसले त्याच दिवशी पशुवैद्यकांकडून अँप्रोलियमसारखे औषध घ्यावे. प्रतिजैविके मनाने देऊ नयेत आणि दिलीच तर डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवसांपर्यंत औषध दिलेल्या कोंबड्यांची अंडी खाऊ-विकू नयेत.

कोंबडी अंडी का देत नाही, किंवा मऊ सालीची का देते?

आधी तिने गंजीत किंवा तुऱ्हाट्यांच्या ढिगात खोपा केला आहे का ते शोधावे. अर्ध्या तक्रारी तेथेच मिटतात. त्याशिवाय वय कमी असणे, पिसे झडण्याचा काळ, खुडूकपणा, जंत, उवा आणि हिवाळ्यातील लहान दिवस ही कारणे असतात. मऊ साल मुख्यतः कॅल्शियमच्या कमतरतेने येते. शिंपल्यांचा चुरा किंवा भाजून बारीक केलेली अंड्याची टरफले वेगळ्या भांड्यात ठेवावीत. उन्हाळ्यात सतत धापा टाकल्याने रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि कवच पातळ होते, म्हणून तेव्हा कॅल्शियमसोबत सावलीही तितकीच आवश्यक असते. टरफले अख्खी टाकू नयेत. तशाने कोंबडीला अंडी फोडून खाण्याची चटक लागते.

कोंबडा असल्याशिवाय अंडी मिळतात का?

मिळतात, पण त्यांतून पिल्ले निघत नाहीत. आठ-दहा कोंबड्यांना एक कोंबडा पुरतो. तो दर दीड-दोन वर्षांनी दुसऱ्या गावातून बदलावा, कारण रक्ताच्या नात्यात वंश वाढत गेला की पिल्ले दुबळी निघतात.

एकाएकी खूप पक्षी मेले तर बर्ड फ्लू समजावा का? मेलेल्या पक्ष्यांचे काय करावे?

बर्ड फ्लू भारतात पहिल्यांदा फेब्रुवारी २००६ मध्ये महाराष्ट्रातच, नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे आढळला. तुरा निळा पडणे, डोके सुजणे आणि एक-दोन दिवसांत अनेक पक्षी मरणे अशी लक्षणे दिसली तर निदान आपण करू नये. पशुवैद्यकीय दवाखान्याला किंवा १९६२ या क्रमांकावर कळवावे. भरपाई मिळते ती शासनाने नष्ट केलेल्या पक्ष्यांसाठी, त्यामुळे लपवण्यात आपलाच तोटा आहे.

कारण कोणतेही असो, मेलेला पक्षी नाल्यात किंवा उकिरड्यावर फेकू नये. दोन-तीन फूट खोल खड्ड्यात, वर चुना टाकून पुरावा आणि कुत्री उकरणार नाहीत अशी माती दाबावी. कोंबड्या आजारी पडू लागताच उरलेल्या घाईने बाजारात विकण्याची रीत आपल्याकडे आहे. गरिबाच्या हातात तेवढेच पैसे असतात, हे मला कळते. पण माझ्या खुराड्यात आलेले ते दोन कोंबडे असेच कोणीतरी विकलेले असावेत, आणि त्यांनी तीन घरे रिकामी केली.

शासनाची मदत कोठे मिळते?

पंचायत समितीतील पशुसंवर्धन विभागात एकात्मिक कुक्कुट विकास योजनेची चौकशी करावी. तिच्यात २५ माद्या व ३ नर अशा तलंगांचे गट किंवा एकदिवसीय पिल्ले ५० टक्के अनुदानावर देण्याची तरतूद राहिली आहे. निवड होण्याआधीच खुराडे, जाळी आणि लसीची सोय करून ठेवावी, कारण पिल्ले आल्यावर बांधकामाला वेळ मिळत नाही. तलंगा आणि पिल्ले यांत निवड करता येत असेल आणि घरात हा पहिलाच अनुभव असेल, तर तलंगा घ्याव्यात. ऊब देण्याचे नाजूक आठवडे त्यांनी आधीच पार केलेले असतात. अर्ज शक्यतो घरातील बाईच्या नावाने करावा. पहाटे दार उघडणारी आणि रात्री पक्षी मोजणारी तीच असते, आणि अंड्यांचे पैसेही तिच्याच हातात राहिले पाहिजेत.